‘ऑलवेज’ वारंवार चुकते तेव्हा काय तपासावे

मराठीतून विचार करून इंग्रजीत लिहिलेला मजकूर तपासण्याचे काम मी बरीच वर्षे करत आलो आहे, आणि त्या कामात ‘ऑलवेज’ या एका शब्दाभोवती जितकी लाल शाई खर्च झाली तितकी दुसऱ्या कुठल्याही शब्दाभोवती झालेली नाही. या शब्दाचा अर्थ सहसा कोणी चुकत नाही, कारण ‘ऑलवेज म्हणजे नेहमी’ हे प्रत्येकाने लहानपणीच पाठ केलेले असते. चुकते ती त्याची जागा, त्याच्या शेजारच्या क्रियापदाचा काळ आणि त्याचे नकाराशी असलेले नाते. एक वाक्य दुरुस्त करून दिले तरी पुढच्या पानावर तीच चूक पुन्हा भेटते, कारण तिचे मूळ त्या वाक्याच्या बाहेर असते. ‘तो नेहमी उशिरा येतो’, ‘नेहमी तो उशिरा येतो’ आणि ‘तो उशिरा येतो नेहमी’ ही तिन्ही वाक्ये मराठीत चालतात, त्यांच्यात फरक पडतो तो फक्त जोराचा. मराठीत शब्दांची परस्परांशी असलेली नाती बहुतांशी प्रत्यय आणि क्रियापदाची रूपे सांभाळतात, त्यामुळे ‘नेहमी’ कुठेही जाऊन बसला तरी वाक्य कोलमडत नाही. इंग्रजीत ती नाती शब्दांच्या क्रमावर उभी असतात, आणि तिथे ‘ऑलवेज’ला ‘नेहमी’इतकी मोकळीक नाही.

लक्षणे

आधी बिघाड ओळखावा. पहिले लक्षण म्हणजे वाक्याची सुरुवातच या शब्दाने होणे, जसे ‘ऑलवेज शी कम्स लेट’. दुसरे लक्षण म्हणजे क्रियापद आणि कर्म यांच्यामध्ये तो अडकलेला असणे, जसे ‘शी ड्रिंक्स ऑलवेज टी’, किंवा ‘इज’, ‘आर’ यांच्या आधी येऊन बसणे, जसे ‘शी ऑलवेज इज लेट’. तिसरे लक्षण थोडे कमी ठळक असते: साधी सवय सांगायची असताना ‘आय ॲम ऑलवेज गोइंग बाय बस’ असे वाक्य लिहिले जाते. चौथे लक्षण नकाराचे, म्हणजे ‘शी ऑलवेज डझन्ट कम’ यासारखी वाक्ये. पाचवे लक्षण मात्र कागदावर दिसतच नाही. वाक्य व्याकरणाने निर्दोष असते, पण वाचणाऱ्याला त्यातून लिहिणाऱ्याच्या मनात नसलेला अर्थ कळतो, आणि चूक उघडकीला येते ती परिणाम झाल्यानंतर.

पुढील तपासण्या सोप्याकडून अवघडाकडे लावल्या आहेत. पहिल्या दोन तपासण्यांना काही सेकंद लागतात आणि माझ्या अनुभवात बऱ्याच चुका तिथेच निघून जातात, म्हणून थेट व्याकरणाच्या खोल पाण्यात उतरण्याआधी त्या पुऱ्या कराव्यात.

पहिली तपासणी: हा शब्द हवाच आहे का?

‘ऑलवेज’वर बोट ठेवून वाक्य त्याच्याशिवाय वाचावे. अर्थात काहीच कमी झाले नाही, तर शब्द काढून टाकावा आणि दुरुस्ती संपली असे समजावे. ही तपासणी सर्वांत स्वस्त आहे, तरीही ती फारसे कोणी करत नाही. इंग्रजीतील साधा वर्तमानकाळ स्वतःच सवय आणि नित्यनियम दाखवतो. ‘शी वॉक्स टू वर्क’ याचा अर्थ ती कामाला चालत जाते, आणि तिची ही रीतच आहे हे त्यात आलेलेच असते. त्यात ‘ऑलवेज’ घातले की ‘एकदाही चुकत नाही’ हा जास्तीचा दावा जोडला जातो. तो दावा करायचा नसेल तर शब्द नको, आणि बहुतेक वेळा असे म्हणायचे असेल तर ‘युज्वली’ हा शब्द हवा. त्याचप्रमाणे ‘ऑलवेज’ आणि ‘एव्हरी डे’ एकाच वाक्यात आले असतील, तर त्यांपैकी एक बहुधा पाहुणा असतो. जाता जाता वर्णलेखनही पाहून घ्यावे: ‘ऑल’ या सुट्या शब्दात दोन ‘एल’ असले तरी ‘ऑलवेज’मध्ये एकच ‘एल’ आहे, आणि ‘ऑल वेज’ असे तोडून लिहिले की त्याचा अर्थ ‘सर्व मार्ग’ किंवा ‘सर्व प्रकार’ असा होतो. गंमत अशी की या शब्दाच्या मुळाशी ‘संपूर्ण वाट’ हीच कल्पना आहे; जुन्या इंग्रजीत ती दोन शब्दांनी व्यक्त होत असे, पुढे ते शब्द जुळले आणि वाटेचा अर्थ काळाकडे वळला.

दुसरी तपासणी: तो वाक्याच्या टोकाला आहे का?

शब्द वाक्याच्या अगदी आरंभी किंवा अगदी शेवटी असेल तर संशय घ्यावा. इथे गोंधळ होण्याचे कारण असे की वारंवारता दाखवणारी सगळी क्रियाविशेषणे एकसारखी वागत नाहीत. ‘समटाइम्स’, ‘युज्वली’ आणि ‘ऑकेजनली’ हे शब्द विधानाच्या सुरुवातीला सहज येतात, त्यामुळे ‘समटाइम्स शी कम्स लेट’ हे वाक्य बरोबर असते आणि त्याच साच्यात ‘ऑलवेज’ ओतण्याचा मोह होतो. ‘ऑलवेज’ साध्या विधानाच्या आरंभी बसत नाही. ‘नेव्हर’ आरंभी आणता येतो, पण मग ‘नेव्हर हॅव आय सीन’ अशी कर्ता आणि सहायक क्रियापद यांची अदलाबदल करावी लागते, आणि तो थाट रोजच्या लेखनात शोभत नाही.

अपवाद दोन आहेत आणि दोन्ही ठाऊक असावेत, नाहीतर बरोबर असलेले वाक्य दुरुस्त करण्याच्या नादात मोडले जाते. आज्ञार्थी वाक्यात कर्ता लिहिलेला नसतो, म्हणून ‘ऑलवेज वॉश युअर हँड्स’ यात शब्द आपोआप पहिला येतो आणि तो योग्यच असतो. दुसरा अपवाद शेवटच्या जागेचा: ‘आय विल रिमेंबर यू ऑलवेज’ यात ‘ऑलवेज’चा अर्थ ‘प्रत्येक वेळी’ असा नसून ‘कायम’, ‘अखेरपर्यंत’ असा आहे, आणि त्या अर्थाने तो शेवटी टिकतो. कार्यालयीन पत्रात या दुसऱ्या अपवादाची गरज क्वचितच पडते.

तिसरी तपासणी: क्रियापदाचे तुकडे मोजावेत

पहिल्या दोन चाळण्यांतून वाक्य निसटले, तर आता पेन्सिल घेऊन क्रियापदाखाली रेघ मारावी. मुख्य क्रियापद एकच आणि एकटेच असेल, तर ‘ऑलवेज’ कर्ता आणि क्रियापद यांच्या मध्ये येतो: ‘शी ऑलवेज ड्रिंक्स टी’. क्रियापदाआधी एक किंवा अधिक सहायक क्रियापदे असतील, तर तो पहिल्या सहायकानंतर येतो, मग पुढे कितीही रांग असो: ‘द फॉर्म शुड ऑलवेज हॅव बीन साइन्ड’. आणि वाक्यात ‘ॲम’, ‘इज’, ‘आर’, ‘वॉज’, ‘वेअर’ यांपैकी एखादे एकटेच मुख्य क्रियापद असेल, तर तो त्याच्यानंतर येतो: ‘शी इज ऑलवेज लेट’. थोडक्यात, ‘टू बी’ची ही रूपे मुख्य असली तरी जागेच्या बाबतीत सहायकांच्या पंक्तीत बसतात. प्रश्नात सहायक कर्त्याच्या पुढे उडी मारते, ‘ऑलवेज’ मात्र जागचा हलत नाही; म्हणून ‘डू यू ऑलवेज वॉक?’ आणि ‘आर यू ऑलवेज लेट?’ यांत तो कर्त्यानंतर दिसतो.

हा नियम असाच का, हे कळले तर तो लक्षात राहतो. इंग्रजीत मुख्य क्रियापद आणि त्याचे कर्म यांची गाठ घट्ट असते आणि मध्ये क्रियाविशेषण घुसलेले तिला चालत नाही. फ्रेंचमध्ये नेमके उलट घडते, तिथे अशी क्रियाविशेषणे क्रियापद आणि कर्म यांच्या मध्ये येणे हीच रीत आहे, आणि म्हणून फ्रेंच भाषक इंग्रजी शिकताना ‘शी ड्रिंक्स ऑलवेज टी’ हीच चूक करतात. झाँ-इव्ह पोलॉक या भाषावैज्ञानिकाने १९८९ साली प्रसिद्ध केलेल्या एका लेखात दोन्ही भाषांतील हाच फरक पुरावा म्हणून वापरला आणि असे मांडले की फ्रेंचमध्ये मुख्य क्रियापद क्रियाविशेषणाला ओलांडून पुढे सरकते, इंग्रजीत ते जागेवरच थांबते, आणि सरकण्याची मुभा इंग्रजीत फक्त सहायकांना व ‘बी’च्या रूपांना उरली आहे. वरचे तीन नियम पाठ करण्याऐवजी ही एक गोष्ट ध्यानात ठेवली तरी काम भागते: ‘ऑलवेज’ स्थिर आहे, क्रियापद त्याच्या अलीकडे किंवा पलीकडे असते.

या तपासणीत तीन ठिकाणी पाय घसरतो. ‘हॅव’ हे कधी मुख्य असते, कधी सहायक. ‘आय ऑलवेज हॅव ब्रेकफस्ट ॲट होम’ यात ते मुख्य आहे म्हणून शब्द आधी आला, तर ‘आय हॅव ऑलवेज लिव्ड हिअर’ यात ते सहायक आहे म्हणून शब्द नंतर आला. ‘हॅव टू’ मात्र मुख्य क्रियापदासारखे वागते आणि ‘आय ऑलवेज हॅव टू वेट’ हेच बरोबर ठरते. दुसरी घसरण एकवचनी तृतीयपुरुषाची: ‘शी’ आणि ‘ड्रिंक्स’ यांच्या मध्ये ‘ऑलवेज’ची भिंत उभी राहिली की शेवटचा ‘एस’ विसरला जातो आणि ‘शी ऑलवेज ड्रिंक टी’ असे लिहिले जाते. शब्द मध्ये आला म्हणून कर्त्याचा क्रियापदावरचा हक्क संपत नाही. तिसरी गोष्ट चूकच नाही, पण चूक समजून दुरुस्त केली जाते. ‘इज शी लेट?’ या प्रश्नाला ‘येस, शी ऑलवेज इज’ असे उत्तर आले, तर ते अगदी योग्य आहे, कारण वाक्य सहायकावरच संपते आणि जोर त्याच्यावर असतो. अशा तोकड्या उत्तरांत ‘ऑलवेज’ आधी येतो.

चौथी तपासणी: काळ

इथून पुढे नुसती जागा बदलून भागत नाही. मराठीत ‘मी बसने जात असतो’ हा रीती वर्तमानकाळ आहे. त्याची घडण ‘जात’ आणि ‘असतो’ अशी दोन तुकड्यांची असल्यामुळे ती डोळ्यांना इंग्रजीतील ‘ॲम गोइंग’सारखी दिसते, आणि ‘मी नेहमी बसने जात असतो’ याचे ‘आय ॲम ऑलवेज गोइंग बाय बस’ होऊन बसते. साम्य केवळ दिसण्याचे आहे. मराठीतील रीती वर्तमानाचे काम इंग्रजीत साधा वर्तमानकाळ करतो, म्हणून इथे ‘आय ऑलवेज गो बाय बस’ असे हवे.

गंमत पुढेच आहे, कारण ‘ऑलवेज’ अपूर्ण वर्तमानकाळाबरोबर येतो आणि तो चुकीचाही नसतो. ‘शी इज ऑलवेज लूजिंग हर कीज’ हे वाक्य उत्तम इंग्रजी आहे, पण त्याचा अर्थ ‘ती सारख्या चाव्या हरवत असते’ असा असून त्यात वैताग, निदान आश्चर्य, मिसळलेले असते. मराठीत ‘सारखा’ किंवा ‘सदान्‌कदा’ या शब्दांनी जो सूर येतो, तो इंग्रजीत या जोडीने येतो. परिणामी वरिष्ठांविषयी कौतुकाने लिहायला घेतलेले ‘यू आर ऑलवेज गिव्हिंग अस ॲडव्हाइस’ हे वाक्य वाचणाऱ्याला ‘तुम्ही सारखे उपदेशच करत असता’ असे ऐकू येऊ शकते. हा प्रकार मी आभाराच्या पत्रांत एकाहून अधिक वेळा पाहिला आहे, आणि लिहिणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. म्हणून ‘ऑलवेज’च्या शेजारी ‘इंग’ने संपणारे क्रियापद दिसले की एकच प्रश्न विचारावा: मला तक्रार करायची आहे का? उत्तर ‘नाही’ असेल तर साधा काळ वापरावा.

काळाचीच आणखी एक गाठ आहे. ‘मी लहानपणापासून नेहमी इथेच राहतो’ हे मराठीत वर्तमानकाळी वाक्य आहे, पण मागे सुरू होऊन आजवर चालत आलेल्या गोष्टीसाठी इंग्रजी पूर्ण वर्तमानकाळ मागते, म्हणून ‘आय हॅव ऑलवेज लिव्ड हिअर’. इथे ‘ऑलवेज’ किती वेळा हे सांगत नाही, किती काळ हे सांगतो. शब्द तोच, मोजमाप वेगळे.

पाचवी तपासणी: नकार

सर्वांत महाग चूक ही आहे आणि तिला सर्वांत जास्त वेळ द्यावा. ‘तो नेहमी वेळेवर येत नाही’ हे मराठी वाक्य मोठ्याने वाचून पाहावे. त्यातून ‘कधी येतो, कधी येत नाही’ असाही अर्थ निघतो आणि ‘वेळेवर न येणे हीच त्याची रीत आहे’ असाही निघतो. मराठी बोलणारा माणूस स्वराने, संदर्भाने किंवा ‘च’ने हा पेच सोडवतो, ‘नेहमीच येतो असे नाही’ म्हटले की पहिला अर्थ पक्का होतो आणि ‘कधीच येत नाही’ म्हटले की दुसऱ्याचे टोक गाठले जाते. इंग्रजीत हा निर्णय शब्दक्रमावर सोपवलेला आहे. ‘ही डझन्ट ऑलवेज कम ऑन टाइम’ यात नकार ‘ऑलवेज’च्या आधी आहे, म्हणून तो ‘नेहमी’लाच नाकारतो: येतो, पण दर वेळी नाही. प्रत्येक वेळी नाहीच असे म्हणायचे असेल तर इंग्रजीत सरळ ‘नेव्हर’ वापरतात, ‘ही नेव्हर कम्स ऑन टाइम’, आणि त्या वाक्यात दुसरा नकार घालत नाहीत. ‘ही ऑलवेज डझन्ट कम’ ही मधली घडण या दोन्हींपैकी काय सांगते हे वाचणाऱ्याला ठरवता येत नाही, आणि बहुतेकांच्या कानाला ती खटकते.

त्यामुळे नकार असलेले वाक्य इंग्रजीत नेण्याआधी ते मराठीतच फोडावे. ‘असे नाही’ लावून वाक्य म्हणता आले तर ‘नॉट ऑलवेज’, ‘कधीच’ लावून म्हणता आले तर ‘नेव्हर’. दोन्ही लावता येत असतील, तर मूळ लिहिणाऱ्यालाच विचारावे. अंदाजाने निवडू नये. ‘द गेट इज नॉट ऑलवेज लॉक्ड’ आणि ‘द गेट इज नेव्हर लॉक्ड’ या दोन सूचनांवर विसंबलेल्या माणसांच्या वागण्यात किती फरक पडेल, हे वेगळे सांगायला नको.

नकाराशी संबंध नसलेला, पण अर्थाच्याच वर्गातला एक प्रकार इथेच उरकतो. ‘यू कॅन ऑलवेज आस्क लेटर’ याचे भाषांतर ‘तुम्ही नेहमी नंतर विचारू शकता’ असे केलेले आढळते. ‘कॅन’ आणि ‘कुड’ यांच्या सोबतीने ‘ऑलवेज’ अनेकदा वारंवारता सांगतच नाही; ‘दुसरे काही जमले नाही तर तो मार्ग आहेच’ असा दिलासा देतो. मराठीत तिथे ‘विचारता येईलच की’ म्हणावे.

सहावी तपासणी: दोन क्रियापदांतला वाद

एका वाक्यात दोन क्रिया असतील तर ‘ऑलवेज’ कोणाचा, हा प्रश्न उभा राहतो. ‘शी ऑलवेज प्रॉमिसेस टू कॉल’ म्हणजे फोन करीन असे ती दर वेळी म्हणते, पण करते की नाही हे कळत नाही. ‘शी प्रॉमिसेस टू ऑलवेज कॉल’ म्हणजे दर वेळी फोन करीन असा तिचा शब्द आहे. आणि ‘शी प्रॉमिस्ड ऑलवेज टू कॉल’ असे लिहिले, तर शब्द दोघांच्या मध्ये लोंबकळतो आणि डावीकडे पाहायचे की उजवीकडे, हे वाचणाऱ्यावर सोडले जाते. ‘टू’ आणि क्रियापद यांच्या मध्ये शब्द घालू नये असा जुना आग्रह अनेक शिक्षकांनी पुढे चालवला आहे; आजचे बहुतेक व्याकरणग्रंथ तशी घडण ग्राह्य धरतात आणि अर्थ स्पष्ट होत असेल तर मीही ती बिनदिक्कत ठेवतो. ज्या ठिकाणी परीक्षक जुन्या मताचा असण्याची शक्यता असेल, तिथे वाक्यच बदललेले बरे: ‘शी प्रॉमिस्ड दॅट शी वुड ऑलवेज कॉल’.

कुठे थांबावे आणि कोणाला बोलवावे

शब्द तीन जागी हलवून पाहिला आणि तरीही वाक्य बसत नसेल, तर हलवणे थांबवावे. बिघाड त्या शब्दात नसून वाक्याच्या सांगाड्यात असतो; अशा वेळी वाक्याची दोन वाक्ये करावीत. पद्य, म्हणी आणि जुने उतारे यांना हात लावू नये, कारण तिथे शब्दक्रम वेगळ्या नियमांनी चालतो आणि तो दुरुस्त करणे म्हणजे मजकूर बदलणे होय.

करार, नियमावली, औषधांच्या सूचना आणि यंत्रांच्या सुरक्षासूचना यांत ‘ऑल’, ‘नॉट’ आणि ‘ऑलवेज’ एकाच वाक्यात आले, तर पाचव्या तपासणीवर भिस्त ठेवून पुढे जाऊ नये. ‘ऑल डोअर्स आर नॉट ऑलवेज लॉक्ड’ यासारख्या वाक्याचे एकाहून अधिक अर्थ लावता येतात आणि त्यांतला कोणता ग्राह्य धरला जाईल हे व्याकरण ठरवून देत नाही. मीही अशी वाक्ये स्वतः सोडवत नाही. कराराचा मजकूर विधी-मसुदा लिहिणाऱ्या वकिलाकडे आणि तांत्रिक सूचना त्या विषयाच्या अनुभवी इंग्रजी संपादकाकडे पाठवतो. पाठवताना नुसते इंग्रजी वाक्य देऊ नये, कारण संपादक त्याची भाषा सुधारील आणि चुकीचा अर्थ अधिक सफाईदार होऊन परत येईल. सोबत मराठीत दोन ओळी लिहाव्यात: कोणत्या परिस्थितीत ही गोष्ट घडलीच पाहिजे आणि कोणत्या परिस्थितीत ती घडली नाही तरी चालेल.